जुन्या गाड्यांना जादा दिवे: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, जालना, परभणी, नांदेडकडून जुन्या गाड्या सांभाळणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी आणि विलीस किंवा महिंद्राच्या जुन्या जीपबद्दलचे असतात. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रात्री काहीच दिसत नाही. जादा दिवे लावले की काम होईल ना?

आधी हेडलाईट तपासा. मल्टिमीटर घ्या, इंजिन जरा रेसवर ठेवा, अप्पर (लांबचा झोत) लावा आणि बल्बच्या मागच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. मग बॅटरीवर मोजा. दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला, तर दोष दिव्याचा नाही, वायरिंगचा आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरच्या (जवळच्या झोताच्या) स्विचमधून फिरून येतो. वाटेत गंजलेले जोड, सैल थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक), काळे पडलेले पॉइंट. साध्या किंवा हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे १३.५ ऐवजी १२ व्होल्टच पोचले, तर उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो.

हेडलाईटला दोन रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि नवी वायर टाकली, सात इंची गोल सील्ड बीमच्या (बल्ब वेगळा न निघणाऱ्या एकसंध दिव्याच्या) जागी चांगल्या काचेचा, हॅलोजन बल्बचा एच४ युनिट आणि ६०/५५ वॅटचा बल्ब बसवला, की अनेकांची जादा दिव्यांची गरजच संपते. ९०/१०० वॅटचे बल्ब मात्र घेऊ नका. जुना स्विच, सॉकेट आणि रिफ्लेक्टर ती उष्णता फार दिवस सहन करत नाहीत.

२. फॉग लाईट आणि ड्रायव्हिंग लाईट यात नेमका फरक काय? दुकानदार दोन्हींना फॉगच म्हणतो.

उजेड पडतो कसा, ते पाहा. फॉग लाईटचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड चाकूने कापल्यासारखी सरळ. तो गाडीच्या अगदी पुढचा रस्ता आणि दोन्ही कडा दाखवतो, वर काही जात नाही. ड्रायव्हिंग लाईटचा झोत अरुंद आणि लांब असतो. तो अप्परच्या जोडीला असतो आणि डिपर मारला की विझलाच पाहिजे. दुकानातच बॅटरीला जोडून भिंतीवर मारून पाहा. वर सरळ रेघ दिसली तर फॉग, मधे गोल ठिपका दिसला तर ड्रायव्हिंग. काहीच धड दिसलं नाही, नुसता उजेड पसरला, तर तो दिवा रस्त्यासाठी बनवलेलाच नाही. परत ठेवा.

३. आमच्याकडे धुकं पडतं तरी किती? मग यांपैकी कोणते घ्यावेत?

धुकं वर्षातले थोडेच दिवस असतं. श्रावणात म्हैसमाळला ढग रस्त्यावर उतरतात, पावसाळ्यात कन्नडचा औट्रम घाट भरून जातो, आणि थंडीत पहाटे गोदावरीच्या काठाने पैठण, गंगाखेड, नांदेडकडे पांढरा थर बसतो. पण फॉग लाईटचा उपयोग धुक्यापुरता नाही. काळ्या मातीतल्या कच्च्या रस्त्यावर पुढच्या ट्रकने उडवलेला धुराळा आणि मृगाचा मुसळधार पाऊस, या दोन्हींतही अप्परचा उजेड परत डोळ्यांवर येतो. तिथे खालून जाणारा चपटा झोतच कामाला येतो.

तरीही या भागातला रात्रीचा मोठा धोका धुक्यात नाही, गळीत हंगामात आहे. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की पुढचे चार-पाच महिने रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि टायरगाड्या असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्यांखाली झाकलेला. ट्रॉली पंक्चर होऊन डांबरावरच उभी असेल तर मागे फार तर दोन दगड. टायरगाडीवर माणसं असतात, बैलं असतात, कधी वर झोपलेली पोरं असतात. त्यांना वेळेत पाहणं ही गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी आहे.

आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. चारी ड्रम ब्रेक चांगल्या अवस्थेत असतील तर थांबायला आणखी २५ ते ३० मीटर. एकूण पन्नासच्या वर. जुन्या हेडलाईटचा डिपर धड दाखवतो तो चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच. ताशी ८० ला हाच आकडा ८० मीटरच्या पुढे जातो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: बीड, धाराशिव, लातूर, परभणी भागात हंगामात रात्री गाडी काढणाऱ्याने आधी ड्रायव्हिंग लाईटची जोडी घ्यावी. घाट, कच्चे रस्ते आणि पावसातला प्रवास जास्त असेल त्याने फॉग घ्यावेत. दोन्ही जोड्या लावायच्या तर प्रश्न ७ आधी वाचा. आणि समोरून वाहन आलं की ड्रायव्हिंग लाईट बंद होणारच. त्या वेळी वेग डिपरच्या आवाक्यात आणणं, एवढाच उपाय उरतो.

४. पिवळा उजेड धुकं भेदतो, हे खरं का?

नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्या काचेचा फायदा वेगळा आहे. निळा-जांभळा भाग गाळला गेल्याने परत येणारा उजेड डोळ्यांना कमी टोचतो, आणि तासभर पावसात चालवल्यावर हा फरक जाणवतो. पिवळी काच थोडा उजेड खाते, हेही खरं. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाईटसुद्धा पिवळेच सक्तीचे होते. तेव्हा जुन्या गाडीला पिवळे फॉग शोभतात आणि उपयोगीही आहेत. ड्रायव्हिंग लाईटला मात्र पांढरी काचच बरी, तिथे उजेडाचा कण न् कण हवा असतो.

५. गाडीच्या काळाला शोभतील असे कोणते दिवे शोधावेत?

ब्रिटिश घराण्यातल्या गाड्यांना लुकास. त्यांची एसएफटी५७६ ही फॉगची आणि एसएलआर५७६ ही लांब झोताची जोडी पावणेसहा इंची आहे, आणि साठच्या दशकातल्या गाडीला अगदी जुळते. सात इंची हवी असेल तर ७०० च्या मालिकेत पाहा. पद्मिनीला इटालियन कारेलो किंवा फ्रेंच सिबिए आणि मार्शाल साजतात. मार्शालच्या दिव्यावर मांजराचं तोंड असतं, त्यामुळे ओळखायला सोपं. जुन्या बाजारात असे दिवे मिळतात. घेताना काच, रिफ्लेक्टर आणि बल्बचा होल्डर एवढंच बघा, बाहेरचा गंज नीट करता येतो.

जुन्या लुकासमध्ये तीन पाकळ्यांच्या ब्रिटिश प्रीफोकस टोपीचा बल्ब लागतो. त्याच टोपीत हॅलोजन बल्ब मिळतो, तो बसवा. होल्डर कापून वेगळ्या टोपीचा एच३ हॅलोजन कोंबू नका. फिलामेंटची जागा दोन-तीन मिलिमीटर हलली तरी झोत बिघडतो.

६. रिफ्लेक्टर काळं पडलंय. क्रोम करून घेऊ का?

नको. क्रोम डोळ्यांना चकचकीत दिसतं, पण उजेडाचा दोन तृतीयांशाच्या आसपासच भाग परत फेकतं. चांदी नव्वद टक्क्यांच्या वर फेकते, आणि निर्वातात चढवलेलं ॲल्युमिनियम चांदीच्या खालोखाल. बंपर करणाऱ्या प्लेटिंगवाल्याकडे रिफ्लेक्टर दिलं तर दिवा दिसायला नवा आणि उजेडाला कायमचा मंद होतो. चांदीचा मुलामा देणारा कारागीर शोधा. फक्त धूळ असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. कापडाने पुसू नका, जुना मुलामा बोटाच्या घासण्यानेही निघतो.

७. माझ्या ॲम्बॅसॅडरला मूळ डायनामो आहे. त्याला हे झेपेल का?

बेरीज करून बघा. लुकासचा सी४० डायनामो पूर्ण फिरल्यावर जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, आणि आयडलवर जवळपास काहीच नाही.

रात्री पावसात अप्परवर हेडलाईट १० अँपिअर, पार्किंग, टेल आणि नंबर प्लेट मिळून २, इग्निशन ३, वायपर २ ते ३. हेच १७-१८ झाले. त्यात ५५ वॅटचे दोन ड्रायव्हिंग लाईट म्हणजे आणखी सव्वानऊ. एकूण २६-२७. वरचे चार-पाच अँपिअर बॅटरीतून जातात. हे सगळे दिवे लावून धावताना दोन तासांत आठ-दहा अँपिअर-अवर. चांगली बॅटरी हे सोसते, सकाळी स्टार्टर फिरवते. पण मे महिन्यात पाणी उडून प्लेटा उघड्या पडलेली बॅटरी सोसत नाही.

मग करायचं काय? ड्रायव्हिंग लाईट खरं तर सतत चालू राहतच नाहीत, डिपरबरोबर विझतात, त्यामुळे रहदारीच्या रस्त्यावर हिशेब जमून जातो. फॉग लावताना अप्पर लावायचंच नसतं, तिथेही भार कमी. अडचण येते ती चारही दिवे एकदम चालू ठेवणाऱ्यांना. डायनामोवर एका वेळी एकच जोडी, हा नियम पाळा. पट्टा घट्ट आहे का, कार्बन ब्रश झिजलेत का, कटआऊटचे (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डब्याचे) पॉइंट साफ आहेत का, हे दिवे लावण्याआधी बघून घ्या. ३५ वॅटचे बल्ब लावायलाही हरकत नाही. चांगल्या काचेतला ३५ वॅटचा झोत वाईट काचेतल्या ५५ पेक्षा जास्त दाखवतो.

८. त्यापेक्षा अल्टरनेटरच बसवला तर?

रोज वापरायच्या गाडीला जरूर बसवा. प्रदर्शनासाठी मूळ रूपात जपलेल्या गाडीला नको. बसवलाच तर डायनामो, त्याचं ब्रॅकेट आणि कटआऊट तेल लावून जपून ठेवा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं अशा) आधी प्रश्न १७ वाचा.

९. वायरिंग नेमकं कसं करावं? आमच्या इलेक्ट्रिशियनने हेडलाईटच्या वायरलाच जोड दिलाय.

तो जोड काढायला सांगा. हेडलाईटच्या जुन्या वायरवर दुप्पट करंट टाकला तर दोन्ही दिवे मंद होतात आणि स्विच तापतो. जुन्या गाड्यांत हेडलाईटच्या वायरला कित्येकदा फ्यूजही नसतो, हे विसरू नका.

रस्ता असा (डॅशबोर्डवर अँमीटर असेल तर सप्लाय कुठून घ्यायचा ते आधी प्रश्न १९ मध्ये वाचा): स्टार्टर सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवरून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. वीतभर अंतरावरच १५ अँपिअरचा फ्यूज. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या टर्मिनलला. ८७ वरून प्रत्येक दिव्याला वेगळी १.५ ची वायर. ८५ अर्थला. ८६ ला डॅशबोर्डवरच्या लहान स्विचमधून आलेली बारीक वायर, आणि त्या स्विचला सप्लाय कुठून द्यायचा यावरच सगळं अवलंबून आहे. ड्रायव्हिंग लाईटसाठी तो अप्परच्या वायरवरून घ्या, म्हणजे डिपर मारताच दिवे आपोआप विझतात. फॉगसाठी पार्किंग लाईटवरून घ्या, म्हणजे गाडीचे दिवे बंद केले की फॉगही बंद. दोन जोड्यांना दोन रिले, दोन फ्यूज.

अर्थिंगकडे दुर्लक्ष होतं, आणि निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. रंगावर बोल्ट आवळला म्हणजे अर्थ झाला नाही. रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळल्यावर वर ग्रीस लावा. दिव्यापासून चेसिसपर्यंत अर्थची वेगळी वायर ओढली तर उत्तमच. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. जोड पिळून टेप गुंडाळू नका. थिंबल दाबून बसवा, वर स्लीव्ह चढवा.

१०. बंपरला भोक न पाडता दिवे कुठे बसवायचे?

बंपर ज्या लोखंडी पट्ट्यांवर आवळलेला असतो त्यांचेच बोल्ट वापरा. त्यांवर वेल्डिंगवाल्याकडून पाच मिलिमीटर पट्टीचं ब्रॅकेट बनवून घ्यायचं. मूळ बोल्टपेक्षा थोडा लांब बोल्ट लागेल, एवढंच. उद्या दिवे काढले तर गाडी जशीच्या तशी. ब्रॅकेट हाताने हलवून बघा. जराही लवचिक वाटलं तर मागून आधाराची सळई द्या, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर झोत थरथरतो आणि फिलामेंट तुटतं.

फॉग खाली. युरोपीय नियमात जमिनीपासून २५ ते ८० सेंटीमीटर आणि गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४० सेंटीमीटरच्या आत अशी जागा आहे, तीच आपणही धरावी. आपल्याकडच्या गतिरोधकांमुळे पार तळाशी मात्र नको. ड्रायव्हिंग लाईट हेडलाईटच्या जवळपासच्या उंचीवर. जीपच्या टपावर नको. तिथला उजेड बॉनेटवर पडून आपल्याच डोळ्यांत येतो.

११. ग्रिलसमोर दिवे लावल्याने इंजिन तापेल का?

मोठे दिवे मधोमध लावले तर तापू शकतं. रेडिएटरला वारा लागतो तो ग्रिलमधूनच, आणि एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२ च्या वर जातो. दिवे कडेला सरकवा, किंवा उन्हाळ्यापुरते काढून ठेवा.

१२. फोकस घरी सेट करता येतो का?

येतो. सपाट जागा, समोर भिंत, टायरमध्ये बरोबर हवा, चालकाच्या जागी माणूस बसलेला.

फॉगसाठी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. झोताची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटीमीटर खाली आली पाहिजे. ड्रायव्हिंग लाईटसाठी १० मीटरवर जा. ठिपक्याचा मध्य दिव्याच्या उंचीइतका किंवा बोटभर खाली. उजवा दिवा अगदी सरळ, डावा किंचित डावीकडे, म्हणजे सायकलवाला आणि टायरगाडी असते ती साइडपट्टी उजळते. उजव्या बाजूला झोत कधीच वळवू नका.

मागे चार माणसं आणि डिकीत सामान असेल तर पाट्यांच्या स्प्रिंगवर गाडीची शेपटी खाली बसते आणि सगळे झोत वर उठतात. तुळजापूर किंवा माहूरला सहकुटुंब निघालात, तर भरलेल्या गाडीवर पुन्हा तपासा.

१३. एलईडी लावले तर करंटचा प्रश्नच मिटेल ना?

करंटचा मिटतो, झोताचा मिटेलच असं नाही. जुन्या हॅलोजनच्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब घातला तर उजेडाचा उगम फिलामेंटच्या जागी राहत नाही. वरची सरळ कड पुसट होते आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. संपूर्ण एलईडीसाठीच बनवलेला, नीट झोताचा दिवा असेल तर डायनामोच्या गाडीला तो उपकारक आहे. रोजच्या जीपला मी तोच सुचवीन. लांबलचक एलईडी पट्ट्या मात्र रस्त्यावर नकोत. त्या लावून येणाऱ्या गाडीसमोर मोटारसायकलवाल्याला खरोखर काही दिसत नाही.

१४. आरटीओला चालतं का?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले दोन नियम लक्षात ठेवा. नियम १०६ प्रमाणे पुढचा उजेड असा खाली वळवलेला किंवा वळवता येणारा हवा, की दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्ध्या मीटरवर आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. नियम १११ प्रमाणे स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट नोंदणी प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. हाताने फिरवायचा दिवा जीपला बसवणाऱ्यांनी हा दुसरा नियम वाचावा. पासिंगला जाताना दिव्यांवर कव्हर असू द्या आणि झोत प्रश्न १२ प्रमाणे लावलेला असू द्या.

१५. गाडी विंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेत नोंदवली आहे. दिव्यांनी नोंदणीला बाधा येईल का?

जुलै २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी अट आहे ती चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसण्याची. बोल्टवर बसलेले, काढता येणारे दिवे त्यात मोडत नाहीत. पत्रा कापून बंपरमध्ये दिवे बसवण्याच्या भानगडीत पडू नका. या मालिकेतली गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते, तेव्हा रात्रीचे लांबचे प्रवास तसेही कमीच.

१६. विलीस जीप ६ व्होल्टची आहे. काय करू?

तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट लागतो. ३५ वॅटचा एक दिवा जवळपास सहा अँपिअर घेतो. वायर त्या हिशेबाने जाड, रिले आणि बल्ब ६ व्होल्टचेच. अर्धा व्होल्ट गळाला तर १२ च्या गाडीत खपून जातो, इथे उजेड जवळपास एक चतुर्थांशाने घटतो. एकच ड्रायव्हिंग लाईट लावणं शहाणपणाचं.

१७. गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. दिवे उलटे जोडायचे का?

साध्या आणि हॅलोजन बल्बला दिशा नसते, काही उलटं करायला नको. साध्या रिलेलाही नसते. रिलेवर डायोडची खूण असेल तर मात्र ८५ आणि ८६ त्या खुणेप्रमाणे जोडावे लागतात. एलईडीला दिशा असते, आणि त्याचं धातूचं अंग आतून निगेटिव्हला जोडलेलं असेल तर बॉडीला टेकताच शॉर्ट होतो. अल्टरनेटरही सरळ बसत नाही, आधी गाडी निगेटिव्ह अर्थ करावी लागते. या गाड्यांत हॅलोजनच ठेवा.

१८. दिवा बंपरखाली उलटा टांगला, तर आत पाणी साठतंय.

दिव्याच्या तळाला पाणी निघायचं छोटं छिद्र असतं. उलटा टांगल्यावर ते वर गेलं. दिवा उघडा, काच आणि रिफ्लेक्टर १८० अंशांत फिरवा, काचेवरची खूण वर येऊ द्या. नाहीतर फॉगची सरळ कडही उलटी होऊन उजेड आभाळात जाईल. डब्याला नव्या तळाशी तीन मिलिमीटरचं छिद्र पाडा, जुनं बुजवा. सगळीकडून सिलिकॉन फासू नका. आतली वाफ अडकली की रिफ्लेक्टर काळं पडतं, आणि मग प्रश्न ६ उभा राहतो.

१९. ड्रायव्हिंग लाईट लावले की अँमीटर डिस्चार्जऐवजी चार्ज दाखवतो. असं कसं?

दिव्यांचा सप्लाय अँमीटरच्या बॅटरीकडच्या बाजूने घेतलाय म्हणून. डायनामोचा करंट अँमीटरमधून पुढे जातो तो दिव्यांना, आणि काट्याला वाटतं बॅटरी भरतेय. दिव्यांना धोका नाही, पण बॅटरी रिकामी होत असतानाही काटा चार्जकडे राहू शकतो, आणि डायनामोच्या गाडीत तो काटाच तुमचा भरवशाचा साक्षीदार असतो. सप्लायची वायर अँमीटरच्या कटआऊटकडच्या बाजूला हलवा. लुकासच्या पाच टर्मिनलच्या कटआऊटवर हेडलाईट आणि इग्निशनचा भार ए१ वर असतो, रिलेची ३० नंबरची वायरही तिथूनच घ्या. अँमीटरपर्यंतची मूळ वायर आणि तिचे थिंबल आधी तपासा, कारण आयडलवर दिव्यांचा सगळा करंट आता तिच्यातून जाणार आहे. फ्यूज नव्या जोडापासून पुन्हा वीतभरावरच.